कापसाच्या कोठ्यातलं औषध

माझी सासू गोड बाई नव्हती. भाकरी जाड झाली तर ती कुत्र्यापुढे टाकायची, आणि मी बघते आहे ना याची खात्री करून टाकायची. इतक्या वर्षांत तिने मला कधी शाबासकी दिली नाही. तरी जन्मात ज्या थोड्या माणसांना मी मनापासून मानलं त्यांत ती आहे. का, ते लिहिते.

इंग्रजांच्या राज्याची शेवटची वर्षं होती. आमचं गाव मेडशीजवळचं. घरात आम्ही दोघी सुना. थोरली जाऊ कामरगावची, म्हणून सारं गाव तिला कामरगाववालीच म्हणे. अंगाने धिप्पाड, कामाला वाघीण. कापूस वेचताना तिला कोणी गाठत नसे. त्या वर्षी पोळ्यानंतर तिचं पोट बिघडलं. कळा यायच्या, आणि खाल्लेलं काही आत राहायचं नाही. दिवाळीपर्यंत तिची नुसती हाडं उरली. पेजेचा घोटसुद्धा उलटून पडे. मेडशीच्या वैद्यबुवांचे काढे झाले, चूर्णं झाली. मग ते सासऱ्यांना म्हणाले, "आता भांगेची गोळी देऊन पाहू. कळ थांबेल, भूक लागेल. पोटात अन्न ठरलं नाही तर ही हिवाळा काढायची नाही."

भांग वाशीमच्या परवान्याच्या दुकानातून आली. सासूने ती तुपात परतली आणि गूळ, बडीशेप घालून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळल्या. महाशिवरात्रीला पुरुष पितात ती चीज बाईमाणसाला द्यायची म्हणजे लाजेची गोष्ट, म्हणून कोणाला काही सांगितलं नाही. जिला द्यायची तिलाही नाही. "पोटाचं औषध हाय, गीळ," एवढंच.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हे देवदर्शनासारखं. बायका येतात, खाटेभोवती गोल करून बसतात, आणि त्याच दुखण्याने कोण कोण गेलं ते सांगतात. वाईट मनाने नाही. तसं केलं नाही तर आपल्याला काळजी नाही असं दिसतं. पहिली गोळी दिली त्या दुपारीही खाटेभोवती कडं पडलं होतं. एकीची नणंद अशीच वाळत वाळत गेली होती, दुसरीची भाची. जाऊ ऐकत पडली होती. थोड्या वेळाने तिचे डोळे अर्धे मिटले. तोंड सुकलं तशी ती पुटपुटली, "पानी."

गल्लीतली एक म्हातारी खाटेशी होती. पुष्कळ मरणं पाहिलेली. तिने ते डोळे पाहिले, सुकलेले ओठ पाहिले, आणि तिची खात्रीच झाली. उठली, देवघरातलं गंगाजल घेतलं, वर तुळशीचं पान ठेवलं आणि जावेच्या तोंडात घातलं. बाकीच्यांनी पदर डोळ्यांना लावले.

जिभेला तुळस लागली आणि जाऊ ताडकन उठून बसली. आपल्याला वाटेला लावताहेत हे तिला कळलं. भांग अंगात भिनलेली, छाती धाडधाड उडत होती. समोर रडणाऱ्या बायका. ती मला धरून ओरडत होती, "मी मेली नाई वं, सांग या बायायले, मी मेली नाई." तिन्हीसांजेपर्यंत तिला दोघी-तिघींनी धरून ठेवलं. त्यानंतर तिने पाणीही घ्यायचं सोडलं. "मले माराचं औषध देऊन राह्यले," म्हणायची. गावात झालं की भांग तिला बाधली.

वैद्यबुवा आले. गोळी केवढी होती, हे त्यांनी मागाहून विचारलं. आधी विचारलं, "जवळ कोण होतं?"

सासूने सगळं सांगितलं. तुळशीचंही.

"हिला माहीत होतं काय दिलंय ते?"

"नाई, बुवा."

ते म्हणाले, "मग मी तरी काय सांगू? भित्या माणसाला भांग आणखी भिववते. आनंदात असला तर हसवते. गोळी तीच. आता हिचं मन निवळल्याशिवाय देऊ नका."

दुसरी कोणी असती तर गोळ्या उकिरड्यावर टाकून मोकळी झाली असती. सासूने दुसऱ्या दिवशी काय केलं, तर एक गोळी स्वतः खाल्ली. मला म्हणाली, "तू घर पाह्य. मी कोठ्यात बसतो. मले काई झालं तं कोनाले बलावू नको." कोठा म्हणजे कापसाची खोली. वेचणीचे दिवस, कापूस पार आढ्याला लागलेला. आत ऊब, आणि बाहेरचा आवाज कापूस गिळून टाकतो. मी दोनदा डोकावले. एकदा ती स्वतःच्या हाताकडे बघत होती. दुसऱ्यांदा हसत होती, एकटीच. सासूला हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी पिठल्यात तिने मीठ दोनदा घातलं आणि वर मलाच बोलली. पण तीन भाकरी खाल्ल्या.

उजाडल्यावर ती जावेपाशी बसली आणि खरं ते सांगून टाकलं. "कामरगाववाले, आयक. ते भांग होती. आमी सांगतलं नाई, आमचं चुकलं." जाऊ भिंतीकडे तोंड करून पडली होती. सासू बोलतच राहिली. "मी काल खाल्ली. पयले तोंड सुकते. मंग हात आपला नाई असं वाटते. मंग उगीच हासू येते. मंग अशी भूक लागते, का बैलाची पेंड दिसली तं पेंड खावी वाटन. मरन येत नाई."

जाऊ कुशीवर वळून म्हणाली, "तुमी खाल्ली? आत्याबाई, तुमाले हासू आलं?"

"आलं."

"मंग मले पाहाले काहून नाई बलावलं?"

पोळ्यानंतर तिच्या तोंडून निघालेली ती पहिली थट्टा.

खाट कोठ्यात नेली. सासूने गोळी तिच्या हातावर ठेवली. घ्यायची की नाही ते तिचं तिने ठरवावं म्हणून. तिने घेतली. मांडीवर कापूस दिला, वाती वळायला. ओळखीचं काम हातात असलं की मन भलतीकडे धावत नाही, असं सासूचं म्हणणं. मला आत बसवलं आणि बजावलं, बोलायचं तर शेतातलं बोल. स्वतः दारात बसली.

बायका आल्याच. ती तुळशीवाली म्हातारीही आली. "पोरीले पाहू तं द्या वं," म्हणाली.

सासू हलली नाही. "कोनाचं मरन सांगाचं असन तं मले सांग. मी आयकतो."

"आमी काय दुस्मन हावो का?"

"दुस्मन असती तं पाटावर बसवली असती. मानूस आपलं हाय म्हनून दारातून परत धाडतो. जाय."

आत आम्हाला सगळं ऐकू आलं. जावेने माझ्याकडे पाहिलं. तोंडात पदर कोंबून ती हसायला लागली, आणि मग मीही. पुष्कळ वेळाने ती म्हणाली, "जवारीच्या कन्या असतीन का वं? ताक टाकून?" मी पळत जाऊन शिजलेल्या भरड ज्वारीची वाटी भरून आणली. ती जपून, चाटूनपुसून जेवली. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत बसलो, आता उलटेल, मग उलटेल. उलटलं नाही. ती वातींवरच झोपली.

पुढे रोज तेच. तीच वेळ, तोच कोठा, दारात सासू. एक दिवस सासूला मयतीला जावं लागलं आणि नेमकं अंगणात दोघा भावांचं बैलांवरून वाजलं. गोळी तीच, खाट तीच. जाऊ पोटाशी पाय घेऊन रडत राहिली, घास घेतला नाही. परत आल्यावर सासूने दोन्ही लेकांना असं झापलं की त्यांनी पुढची भांडणं शेतात जाऊन केली. मला तेव्हा पुरतं पटलं की त्या गोळीइतकंच काम ती दारातली बाई करत होती.

दुखणं मुळातून गेलं नाही. कळा अधूनमधून येत. पण अन्न ठरू लागलं, अंगावर मांस आलं, आणि गोळी एक दिवसाआड झाली.

गाव मात्र रुसलं. दारातून परत धाडलेल्या बायका ते विसरणार नव्हत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे मोजक्याच आल्या. परात भरून तिळाचे लाडू तसेच राहिले. मला वाईट वाटलं, सासू म्हणाली, "उरले तं उरले. कोठ्यातला कापूस इकाचा हाय, लाडू नाई."

दुपारी मी परात झाकायला गेले तर जाऊ तिच्यापुढे फतकल मारून बसली होती आणि लाडू फोडत होती, एकामागून एक. सासू चुलीपाशी होती. मान न वळवता म्हणाली, "पुरे वं, कामरगाववाले. पोट दुखन."

"दुखू द्या," जाऊ भरल्या तोंडाने म्हणाली, आणि आणखी एक उचलला.