माहेरघरातली पुस्तकं

शकुंतला म्हात्रे निवृत्त झाली त्या दिवशी वॉर्डातल्या आयांनी तिला साडी नेसवली, डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि सगळ्यांनी सांगितलं, आता आराम करा. चौतीस वर्षं महापालिकेच्या प्रसूतिगृहात तिने नोकरी केलेली. ठाण्यातल्या कोलशेत गावात तिला लहानथोर शकूच म्हणायचे. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे त्यातलं कुणी मिशा फुटल्यावर उद्धटपणा करायला लागलं की ती एवढंच म्हणायची, "तुझी नाळ मी कापलेय." पुढे बोलायची गरज पडत नसे.

आराम तिला तीन महिने पुरला. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मुलगा हर्षित आणि सून दिशा दोघं नोकरीवर. दुपारी घरात ती एकटी. तिने सगळे डबे घासले, मग परत घासले. त्याच सुमारास एका जुन्या मैत्रिणीने तिला मोबाइलवर जाहिरात पाठवली. एका संस्थेला आफ्रिकेत मलावी नावाच्या देशात अनुभवी नर्सा हव्या होत्या. पगार नाही, राहणं-खाणं आणि विमानाचं तिकीट संस्थेचं. साठीच्या आतल्या चालतील. शकूला एकोणसाठावं लागलं होतं.

रात्रीच्या जेवणाला तिने सांगितलं तेव्हा हर्षितचा घास हातात राहिला. दिशा म्हणाली, "आई, तुम्ही एकदा डॉक्टरला दाखवून घ्या आधी." दुसऱ्या दिवशी शकूचा थोरला भाऊ काळुराम आला. एके काळी मिठागरावर राबलेला माणूस, आता त्याच्या जमिनीवर सात मजली इमारत उभी होती, तरी तो चप्पल दाराबाहेरच काढायचा आणि जमिनीवरच बसायचा.

"शके, कनाला जातंस गो इतक्या लांब? हितल्या बायका बालंत व्हायच्या थांबल्या का?"

"दादा, हितं एका वॉर्डात दहा नर्सा हायेत. तिथं सगल्या मिलून दोन."

काळुराम चहा पिऊन उठला आणि जाताना म्हणाला, "पासपोर्टाला फोटो काढशील त पदर नीट घे."

*

मलावीतलं ते गाव एका मोठ्या तळ्याच्या काठी होतं. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नव्हता. पहिल्या सकाळी शकू आरोग्यकेंद्राकडे चालली होती आणि अचानक ओळखीचा वास आला. काठावर बांबूच्या माच्यांवर बोटाएवढी मासळी उन्हात वाळत घातलेली. ती तिथेच उभी राहिली. इतक्या लांब येऊन पहिल्यांदा भेटलं काय, तर सुकट. ठाण्यात हा वास आला की दिशा खिडक्या लावून घ्यायची. इथे सगळं गावच त्या वासात उठत होतं. शकूचा जीव अर्धा तिथेच स्थिरावला.

आरोग्यकेंद्रात एस्नात नावाची सुईण होती. पंचेचाळिशीची, उंच, कमी बोलणारी. तिने शकूच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला आधी खोली न दाखवता लेबर रूम दाखवली. दोघींचं तिथेच, मोडक्या इंग्रजीत जमलं. एस्नात तिला 'अमायी शाकू' म्हणायची. अमायी म्हणजे बाई, आई. तिथली पोरं मात्र सरळ 'अगोगो' म्हणायला लागली, म्हणजे आजी. पहिले काही दिवस शकूला वाटे, ही आपल्याला कोंबडीसारखं का बोलावताहेत.

केंद्राच्या मागे पत्र्याची एक लांबट पडवी होती. लांबच्या गावांतल्या बायका दिवस भरायच्या आधी दोन-तीन आठवडे येऊन तिथे राहायच्या, कारण ऐन वेळी सायकलवर बसून वीस मैल येणार कसं? बरोबर एखादं लहान मूल, एक पातेलं, मक्याच्या पिठाची पिशवी. शकूने त्या पडवीला मनातल्या मनात नाव देऊन टाकलं, माहेरघर. आपल्याकडेही दूरच्या पाड्यांतल्या बायकांसाठी सरकारने अशी घरं काढलेली होती, तिने ऐकलं होतं.

माहेरघरात बायका चूल पेटवायच्या, एकमेकींच्या वेण्या घालायच्या आणि बाकी दिवसभर बसून राहायच्या. भिंतीवर हात धुण्याचं एक पोस्टर होतं. अठरा-एकोणीस वर्षांची एक पोरगी रोज त्यासमोर उभी राहून, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून ते वाचायची. पाठ झालं होतं तिला, तरी वाचायची. शकूने एस्नातला विचारलं, ही असं का करते?

"शाळेत वाचायला शिकली," एस्नात म्हणाली. "विसरू नये म्हणून."

त्या संध्याकाळी शकूने घरी फोन लावला.

*

हर्षितने सोसायट्यांच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर मेसेज टाकला, की आफ्रिकेतल्या गरीब महिलांसाठी पुस्तकं द्या, घरी येऊन नेऊ. ठाण्यापासून कल्याणपर्यंत मेसेज फिरला. दोन आठवड्यांत इमारतीखालची पार्किंगची जागा भरली. दिशा रविवारी वैतागलेली, तिने जे हाताला लागलं ते भरून नऊ खोकी बांधली. मलावीतल्या तालुक्याच्या गावात एका गुजराती दुकानदाराचं किराण्याचं दुकान होतं, त्याचा माल मुंबईहून जहाजाने आणि पुढे ट्रकने जायचा. त्या भल्या माणसाने आपल्या मालात खोकी टाकून घेतली. पोचायला पाच महिने लागले.

खोकी आली तो दिवस माहेरघरात सणासारखा. बायका कमरेला गुंडाळलेली कापडं सावरत गोल बसल्या. शकूने स्वतः सुरीने दोर कापले. पहिल्या खोक्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची गाइडं निघाली. दुसऱ्यात दहावीचे प्रश्नसंच, कुणीतरी पेनाने उत्तरं लिहिलेले. मग वास्तुशास्त्र, मोबाइल दुरुस्ती, कुठल्याशा कंपनीच्या जुन्या वर्षांच्या कोऱ्या डायऱ्या, पानं चिकटलेलं पाककृतींचं एक पुस्तक, आणि एका खोक्यात चक्क कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम. बायकांनी तो अल्बम मात्र नीट बघितला, नवरीचे दागिने मोजले.

एस्नात हात बांधून उभी होती. ती म्हणाली, "अमायी, तुमच्या लोकांनी घर साफ केलं."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच शकूला ते जास्त लागलं. ती नुसती खाली बसून गाइडं परत खोक्यात भरू लागली. आपणही असंच केलं असतं, हे तिला माहीत होतं. रद्दीवाल्याला द्यायला जीव होत नाही ते दान करायचं, त्यात पुण्यही पदरात.

शेवटच्या खोक्याच्या तळाशी पंचवीस-तीस पातळ पुस्तकं होती. लहान मुलांची, चित्रांची, पानावर एक-दोन ओळी, तीही मराठीत. दिशाच्या भाचीची जुनी. एस्नातने ती बाजूला सारली. मराठी कोण वाचणार?

तेवढ्यात तादाला नावाच्या बाईने त्यातलं एक उचललं. तादाला बडबडी होती. याआधी तिची दोन मुलं घरी जन्मताच गेलेली, म्हणून या खेपेला सासूने तिला तीन आठवडे आधीच इथे आणून सोडलेलं. पुस्तकात एक म्हातारी कोंबडी विकायला बाजारात निघते आणि कोंबडी रस्ताभर पळत राहते, अशी गोष्ट होती. तादालाला अक्षर समजत नव्हतं. तिने पहिलं चित्र बायकांकडे वळवून धरलं आणि आपल्या भाषेत सुरू झाली; एस्नात शकूला इंग्रजीत सांगत गेली. तिच्या गोष्टीत ती म्हातारी चोर होती. कोंबडी सुनेची होती आणि सासूने ती गुपचूप उचलली होती. पानोपान कोंबडी पळत होती ती सुनेकडे जायला. शेवटच्या चित्रात म्हातारी दमून झाडाखाली बसलेली, तिथे तादाला थांबली आणि सासूच्या आवाजात म्हणाली, "बरं बाई, तुझीच. पण अंडी अर्धी माझी." बायका पोटं धरून हसल्या. भरल्या दिवसांच्या बायका इतक्या हसताहेत बघून शकूला धाकधूकच वाटायला लागली.

हसणं ओसरल्यावर ती एस्नातला म्हणाली, "हिने सांगितली ती लिहून काढशील?"

एस्नातचं अक्षर सुरेख होतं. त्या कोऱ्या डायऱ्यांची पानं कापून तिने तादालाची गोष्ट पट्ट्यांवर लिहिली. शकूने मक्याच्या पिठाची खळ शिजवली, लहानपणी पतंगाला शिजवायची तशी, आणि मराठी ओळींवर त्या पट्ट्या चिकटवल्या. शेवटच्या पानावर एस्नातने लिहिलं, सांगणार तादाला. पोस्टर वाचणारी ती पोरगी केव्हाच बाळ घेऊन घरी गेली होती, पण आता वाचता येणाऱ्या आणखी दोघी होत्या. त्यांनी ते पुस्तक त्या दिवशी चार वेळा मोठ्याने वाचलं.

तादालाला मुलगी झाली. रडली जोरात, वजन चांगलं. घरी निघताना तादालाने पुस्तक मागितलं. एस्नात नाही म्हणाली, दिलं तर सगळ्याच मागतील. शकू म्हणाली, "मागू देत."

*

त्यानंतर शकूने फोन केला तो हर्षितला नाही, दिशाला. "खोकी तू बांधलीस ना? त्यातली तुझ्या भाचीची पुस्तकं तेवढी कामाला आली. बाकी सगळं रद्दी होतं."

दिशा ओशाळली. मग चिडली, आणि चिडली की ती कामाला लागायची. या वेळचा मेसेज तिने स्वतः लिहिला. फक्त मुलांची चित्रांची पुस्तकं, भाषा कुठलीही, शब्द कमी, पानं सुटलेली नकोत. तो वाचून डोंबिवलीहून प्रमोदिनीबाईंचा फोन आला. शाळेच्या ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या. "मी निवडून देईन," त्या म्हणाल्या, "पण माझ्याबरोबर बसावं लागेल. मुलांचं पुस्तक पाहिल्याशिवाय कळत नाही."

चार रविवार दोघी प्रमोदिनीबाईंच्या इमारतीच्या गच्चीखालच्या खोलीत बसल्या. लोक पिशव्या घेऊन येत आणि दिशा दारातच तपासत असे. कल्याणहून एक काका मधुमेहावरचे बांधीव ग्रंथ घेऊन आले.

"काका, चित्रं आहेत का यात?"

"आहेत ना. स्वादुपिंडाचं आहे."

दिशाने त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि ग्रंथ परत पिशवीत भरून दिले. काका रागावून गेले. पुढच्या रविवारी नातवाची सात पुस्तकं घेऊन आले, प्रत्येकावर वर्तमानपत्राचं कव्हर घालून. प्रमोदिनीबाईंनी ती कव्हरं काढली नाहीत, म्हणाल्या, "प्रवास लांबचा आहे."

ती खोकी पोचली आणि माहेरघराचं रूपच बदललं. रोज कुणीतरी एक पुस्तक घेऊन बसे, गोष्ट रचे, बाकीच्या तिच्यात चुका काढत. पटली की एस्नात लिहून घ्यायची. बाळंत होऊन बायका पुस्तकं घरी न्यायच्या आणि काही महिन्यांनी त्यांच्या जावा, नणंदा पोट घेऊन यायच्या तेव्हा ती त्यांच्या गाठोड्यात परत यायची, कडा मऊ झालेली, धुराचा वास लागलेली. सगळी नाही यायची. एस्नातने सुरुवातीला यादी ठेवली, मग सोडून दिली.

एकदा बायकांनी शकूलाच धरलं. अगोगो, तू सांग. शकूने आढेवेढे घेतले. मग तिला आईची एक गोष्ट आठवली. मिठागरावरून घरी येताना आई बांधावर बसून सांगायची, चिंबोरी, म्हणजे खेकडी, तिरकी का चालते त्याची. चिंबोरी आधी सरळ चालायची. एकदा भरती आली आणि तिची पोरं बांधावर राहिली. तेव्हापासून ती एक डोळा पाण्यावर आणि एक डोळा पोरांवर ठेवून चालते, म्हणून तिरकी.

शकूने मोडक्यातोडक्या भाषेत सांगितली. एकीने विचारलं, "भरती म्हणजे काय?"

शकूला सांगता येईना. तळ्याला भरती-ओहोटी नव्हतीच. शेवटी एस्नात म्हणाली, दक्षिणेकडून वारा येतो, म्वेरा, तेव्हा तळं खवळतं आणि होड्या उलटतात. भरतीच्या जागी तो घालू. बायकांना लगेच पटलं, प्रत्येकीने तो वारा पाहिलेला. पण चिंबोरीचं पुस्तक कुठल्याच खोक्यात नव्हतं. एका बाईने डायरीच्या कोऱ्या पानांवर कोळशाने चित्रं काढली, शकूने टाके घालायच्या दोऱ्याने ती शिवली. शकूच्या आईला सही करता येत नव्हती. तिची गोष्ट पहिल्यांदा लिहिली गेली ती तिने कधी नावही न ऐकलेल्या भाषेत.

*

दोन वर्षं पुरी करून शकू परत आली. विमानतळावर दिशा तिच्या गळ्यात पडली, जे त्या घरात कधी झालं नव्हतं. काळुराम दुसऱ्या दिवशी आला, चप्पल बाहेर काढून खाली बसला. शकूने त्याला ते शिवलेलं पुस्तक दिलं आणि ओळीन् ओळ आपल्या बोलीत करून सांगितली. तो चष्मा लावून कोळशाच्या चित्रांकडे बघत राहिला.

"वारा नाय गो," तो म्हणाला. "आयस भरती सांगाची."

"तिथल्या तल्याला भरती नाय, दादा."

"भरती नाय?" काळुरामला हे काही पटलं नाही. "मंग पानी जाता कुठं?"

"जात नाय. तिथंच रवता."

त्याने पान उलटलं, परत मागे आणलं. "आनि चिंबोरीला पोरां सात व्हती. हिनं पाचच काढल्यान."

"तू सांग मग नीट."

काळुरामने सांगितली. त्याच्या गोष्टीत सात पोरांना सात नावं होती, शकूला त्यातली तीनच आठवत होती. आई त्याला जास्त सांगायची की हाच आपल्या मनाने घालतोय, तिला कळेना. दिशा ऑफिसला निघाली होती ती दारातून परत आली, पर्समधून पेन काढलं आणि म्हणाली, "मामा, जरा हळू. चौथ्याचं नाव काय म्हणालात?"

आता शकू पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे, सहा महिन्यांसाठी; वयाची अट संस्थेने तिच्यापुरती बाजूला ठेवली. काळुराम दर दोन दिवसांनी येतो आणि कनाला जातंस असं विचारत नाही. बसतो, चहा घेतो आणि परवाची गोष्ट चुकीची लिहिली म्हणून दिशाशी भांडतो.