पहिल्या पाण्याची ओटी

मला दगडाची भीती वाटते. भूगर्भशास्त्र शिकून खाणीत नोकरी करणाऱ्या बाईनं हे कबूल करणं म्हणजे नावाड्यानं पाण्याला भिण्यासारखं आहे. पण गेल्या उन्हाळ्यात गुंद गावी मामांच्या नव्या विहिरीत डोकावले आणि दोन पावलं मागं सरले.

विहीर काळ्या दगडात होती. हा दगड म्हणजे फार जुना, थिजलेला लाव्हा. खणताना एका बाजूला तिरकी उतरती भिंत निघाली होती, घोटून काढल्यासारखी गुळगुळीत. मामा खूश.

"ह्या बाजूला बांधकाम न्हाई लागत. देवानंच गिलावा करून दिलाय."

गिलावा कसला! तो भ्रंश होता. कधीकाळी जमिनीवर ताण येऊन दगड तिथं तुटला आणि घासत सरकला. त्याचे आडवे ओरखडे भिंतीवर होते आणि त्यांच्यावरून खाली उतरणारे दुसरे. म्हणजे ताणाची दिशा बदलली आणि दगड पुन्हा सरकला. आता वर बैलगाडीएवढा धोंडा त्याच उतरणीवर बसून होता, आणि त्याचा खालचा आधार मामांनी खणून काढला होता. पाणीही तिथूनच झिरपत होतं.

पहिलं पाणी लागलं की घरच्या सवाशिणीनं खाली उतरून त्याची ओटी भरायची, ही त्यांच्या घरची रीत. मामी पदर खोचून तयार. आई गेल्यावर मला वाढवलं ते हिनंच.

"मामी, उतरू नको. धोंडा सरकंल."

"सरकायचा आसता तर सुरुंगालाच सरकला आसता," मामा म्हणाले. "कवा पडंल, सांग बघू?"

दगड झालेलं सांगतो, होणारं नाही.

"पयलं पाणी तसंच सोडू न्हाई," म्हणत मामी शिडी उतरलीसुद्धा. तिनं खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ वाहिले. मी काठावर गुडघे टेकून धोंड्याखालच्या भेगेकडं बघत होते. पाणी गढूळ झालं, मग चिखलच यायला लागला, म्हणजे धोंड्याखालची माती सुटत होती. मी किंचाळले. बाईसाहेब मात्र पाण्याला हात जोडून मगच वळल्या. तिचा इतका राग मला कधी आला नव्हता.

ती काठावर पोचली आणि मागं धोंडा ओटीवर येऊन आदळला. मामांनी तिला दंडाला धरून काठापासून मागं ओढलं.

मामी रडली नाही. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"पोरी, तुझं रोजचं काम असल्याच दगडाखाली आसतंय व्हय?"

"न्हाई गं," मी खोटंच बोलले. मनगट काही तिनं सोडलं नाही.