घाटातल्या गाड्या मोजणारी

मुलांनो, रविवारी व्हिडिओवर तुम्ही विचारलंत, फ्रिजवर चिकटवलेली चिठ्ठी कुणाची? तेवढ्यात दूध उतू गेलं आणि सांगायचं राहिलं. चिठ्ठी लिहिणारी गेल्या महिन्यात बदली होऊन पनवेलला गेली, म्हणून आज नीट लिहून ठेवते.

"मूठ वळा नि बोलत रावा," असं म्हणत ती दंडाला रबरी पट्टा बांधायची. महाडच्या एका लॅबसाठी ती घरोघरी जाऊन रक्त गोळा करायची. राहायला बिरवाडीत भाड्याच्या खोलीत, माहेर पोलादपूरच्या डोंगरात. स्कूटरवर पुढ्यात निळी बर्फाची पेटी, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटखालून लोंबणारा अबोलीचा गजरा. ती फाटकात शिरली की तुमचे आजोबा उगाचच शर्ट बदलून येत.

माझा धाकटा भाऊ हृदयविकाराने अचानक गेला. त्याचं कोलेस्टेरॉल कागदावर उत्तम होतं. माझंही उत्तम होतं. म्हणून डॉक्टरांनी मला नवी तपासणी लिहून दिली: कोलेस्टेरॉल किती हे नव्हे, तर ते वाहून नेणारे कण किती.

"यात फरक काय गं?" मी तिला विचारलं.

"बाई, आंबेनळी घाट अडतो तो माणसांनी का गाड्यांनी?"

"गाड्यांनी."

"मंग? एका एसटीत पन्नास माणसं गेली तर घाट मोकळा. तीच पन्नास माणसं पन्नास स्कूटरी घेऊन घुसली तर झाला ना घोळ. तुमची माणसं मोजून झालीत. आता मशीन गाड्या मोजणार."

माझा हात पुढेच होता. मी अभिमानाने सांगितलं, की आठ दिवस तूप बंद, नारळ बंद, दोन्ही वेळा उकडलेला दोडका, आणि गच्चीचा जिना रोज दहादा.

तिने पट्टा सोडला.

"बाई, जन्मभर शाळेत पोरांच्या कॉप्या पकडल्यात. ही काय मग?"

"ही तयारी आहे."

"मशीन काय शाबासकी देणार हाय तुम्हाला? कायम खाता तसं खावा. पंधरा दिसांनी येते." आणि जाता जाता आजोबांना, "तुम्ही लक्ष ठेवा हो यांच्यावर."

आजोबांनी आठ दिवस माझ्याबरोबर दोडका गिळला होता. ते पिशवी घेऊन निघाले ते थेट मासळीबाजारात. त्या दुपारी तळलेले बांगडे खाताना आम्ही दोघं इतके हसलो, की शेजारीण डोकावून गेली.

पंधरा दिवसांनी ती आली, स्वयंपाकघराकडे नाक करून म्हणाली, "आता खरा वास येतोय घराला." माझ्या रक्ताची नळी बर्फाच्या पेटीतून मुंबईच्या मशीनकडे गेली.

गाड्या भरपूर निघाल्या.

तिनेच आणून दिलेला रिपोर्ट वाचताना मला भाऊ दिसत होता. ती पायरीवर टेकली आणि माझा हात धरून म्हणाली, "रडता कशाला? घाट अडायच्या आधीच कळलं ना. तुमच्या दोडक्यानं उगाच आकडा खाली आला असता, तर कोणाला काय कळणार होतं?"

त्याच दिवशी डॉक्टरांनी गोळी सुरू केली. तिने रिपोर्टच्या पाकिटाचा तुकडा फाडून त्यावर लिहिलं, "रोज रात्री एक. तयारी करायची नाय."

आता रक्त घ्यायला दुसरी मुलगी येते. छान आहे, पण बोलत नाही. चिठ्ठी फ्रिजवर आहे. मीही आहे.