मळी म्हणजे काय

जैव-अर्थव्यवस्था हा शब्द आमच्या कॉलेजात आला तो एका परिपत्रकातून. शेतीतल्या टाकाऊ मालापासून इंधन, खत, औषधं काढणारी नवी अर्थव्यवस्था देशाला उभारायची आहे, त्यासाठी शिकलेली माणसं हवीत आणि धोरण लिहिता येणारी माणसंही हवीत, असं त्यात होतं. ज्या कॉलेजला हा पदव्युत्तर अभ्यासक्रम हवा असेल त्यानं आपल्या जिल्ह्यासाठी एक धोरण-टिपण मराठीत लिहून पाठवायचं. पसंत पडलं तर अभ्यासक्रम मिळणार, आणि सोबत एक पूर्णवेळ जागा.

जाहिरात, मुलाखत हे सगळं व्हायचंच होतं, पण त्या जागेवर कुणी यावं याबद्दल आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात दुमत नव्हतं. एक मॅडम नऊ वर्षं आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. म्हणजे तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली की घरी. पीएच.डी. झालेल्या, घर सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे, घरात तेलुगू. मराठी त्या शाळेत शिकल्या, म्हणून एकेक शब्द तोलून वापरायच्या. मी विभागप्रमुख, करकंब गावचा, उसात वाढलेला. मराठी मला आईच्या दुधाबरोबर मिळाली होती आणि त्याचा मला माज होता, हे आज कबूल करतो.

अभ्यासक्रमातला तिसरा पेपर, धोरण आणि कायदा, सबंध मॅडमनी तयार केला. उन्हाळ्याच्या सुट्टीत, विभागातला कूलर बंद पडलेला असताना, रोज स्कूटीवरून येऊन त्यांनी त्याच्या नोट्स काढल्या. धोरण-टिपण मात्र मी लिहिलं. मुद्दा साधा होता. साखर कारखान्यांनी मळीतून आधी गॅस काढावा आणि उरलेली मळी शेतकऱ्यांना रानात टाकायला द्यावी. लहानपणी आमच्या रानात मळीच्या ट्रॉल्या रित्या व्हायच्या. उसाच्या रसातून गाळून काढलेला गाळ तो, काळा, भुसभुशीत, नाकाला झोंबणारा. वडील म्हणायचे, "मळीबिगर ह्या रानात काय बी यायचं न्हाय."

मॅडमनी टिपण वाचलं आणि विचारलं, "सर, शब्दकोशात मळी म्हणजे मोलॅसिस आहे. मी पुढं कंसात प्रेसमड लिहू का?"

मला हसू आलं. उसाचं मला शिकवू नका, तुम्ही टॉवेलवाली माणसं, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. सगळे हसले, त्याही हसल्या. टिपण होतं तसं गेलं.

उत्तर दिवाळीनंतर आलं. समितीनं मळीचा अर्थ मोलॅसिस असाच घेतला होता. ज्या काळ्या पाकापासून दारू आणि इथेनॉल होतं, ज्याच्या प्रत्येक टँकरवर उत्पादन शुल्क खात्याची नजर असते, तो आम्ही गावोगाव रानात ओतायला निघालो होतो. पत्राचं शेवटचं वाक्य मला पाठ आहे. धोरण शिकवू इच्छिणाऱ्या विभागास धोरणाची प्राथमिक माहिती नसल्याचे दिसून येते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असंच त्यांना वाटलं असणार.

मी लांबलचक खुलासा लिहिला. आमच्या भागात शेतकरी रसाच्या गाळाला, म्हणजे प्रेसमडलाही मळीच म्हणतात, असं कळवलं. त्यांचा अर्थ खोटा नव्हता आणि माझाही नव्हता. पण खुलासा विचारात घ्यायची तरतूद नव्हती. पुढच्या वर्षी नव्यानं प्रस्ताव पाठवा, एवढं एका ओळीत आलं.

मॅडमना केबिनमध्ये बोलावून मी पत्र दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मी विचारलं होतं तुम्हाला, असं त्या म्हणतील म्हणून मी वाट पाहत होतो. म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पत्राची नीट घडी घातली.

"सर, उद्याचा तास घ्यायचाय ना?" त्यांनी विचारलं.

मार्चपर्यंत त्यांनी सगळे तास घेतले. मग जुळे सोलापूरमधल्या एका क्लासमध्ये नीटची तयारी करणाऱ्या मुलांना शिकवायला लागल्या. नऊ वर्षं वाट पाहून माणूस दहाव्या वर्षी थांबलं नाही, यात त्यांचं काय चुकलं? मला त्यांना फोन करायची लाज वाटायची. एकदा नवी पेठेत त्या समोरून येताना दिसल्या, तर मी कापडाच्या दुकानात शिरलो आणि नको असलेला शर्टपीस घेऊन बाहेर पडलो.

दुसऱ्या वर्षी मी टिपणात प्रेसमड लिहिलं. अभ्यासक्रम मिळाला. जागा मात्र मिळाली नाही, उपलब्ध शिक्षकांकडूनच काम भागवावं, असा शेरा होता. तिसरा पेपर माझ्या वाट्याला आला. मला तो शिकवता येत नव्हता. कपाटात मॅडमच्या नोट्स होत्या, त्यांची झेरॉक्स काढून मी वर्गात वाटली. बसलेली मुलं मोजकीच, बहुतेक खेड्यातली. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला पुढच्या बाकावरची एक मुलगी पानं चाळत म्हणाली, "सर, लई सोपं करून लिवलंय की. कुणी लिवलंय ह्ये?"

मॅडमचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. ते घेतलं असतं तर त्या आता कुठं आहेत, शिकवायला का येत नाहीत, हे तिनं विचारलंच असतं.

"विभागानं," मी म्हणालो आणि पुढचं पान काढायला सांगितलं.