पुढं कोणाले वाचू?

"तुला?" सर म्हणाले. अन् हसले.

एवढंच. एका शब्दात झालं ते.

अमरावतीत सरायच्या बंगल्यावर रविवारी वाचनकट्टा भरे. सर आम्हाले एम.ए.ले इंग्रजी शिकवत. निवडक पोरापोरींनाच घरी बोलवत. मी वलगावहून ऑटोनं आली होती. पहिलंच बोलावणं होतं, म्हणून इस्त्रीचा ड्रेस घातला होता.

त्या दिवशी केतकीनं विचारलं, "सर, व्हिक्टोरियन कादंबऱ्या माझ्या बहुतेक वाचून झाल्या. आता त्याच चवीचं पुढं कोणाला वाचू?"

केतकी वर्गात माझ्याच बाकावर बसे. बाप डॉक्टर. सर एकदम खुलले. तुला घराण्यांच्या गोष्टी आवडतात की शहरांच्या, म्हणाले. लग्नाच्या की कोर्टकचेरीच्या? मग उठून कपाटापाशी गेले. रशियातला एक कादंबरीकार सांगितला, फ्रान्समधला एक, आपल्या बंगालमधली एक बाई. दोन जाडजूड पुस्तकं काढून तिच्या मांडीवर ठेवली. "सावकाश परत कर."

मी पुढं सरकून बसली. कारण तोच प्रश्न माझाही होता.

मी त्याच कादंबऱ्या वाचल्या होत्या. सरकारी वाचनालयातून आणून, उशाशी डिक्शनरी ठेवून. लोकांच्या घरी राहून त्यायच्या लेकरायले शिकवणारी बाई, जिले ना मालकांच्या टेबलावर जागा, ना नोकरायच्या. अनाथाश्रमातली पोरं. गिरणीगावचा धूर. तीनशे पानं झाल्यावरही न संपणारी गोष्ट. मले ते सगळं आपलं वाटे. कोणी सांगितलं नव्हतं आपलं म्हण म्हणून.

म्हणून मी म्हटलं, "सर, मीही त्याच वाचते. मी पुढं कोणाला वाचू?"

"तुला?"

मग म्हणाले, "अगं, तू कशाला त्या गोऱ्या बायकांच्या लग्नाच्या भानगडीत पडतेस? तुमच्या लोकांनी काय जबरदस्त लिहिलंय! आत्मकथनं वाच. ती तुझी आहेत. ती तुला झेपतील."

मले घराणी आवडतात की शहरं, हे विचारलं नाही. कपाटापाशी उठून गेले नाहीत.

सगळ्यायनं माना डोलावल्या. सरायच्या मिसेस म्हणाल्या, "काय काय सोसलं असेल गं तुम्ही. सांग ना, तुझंही सांग काहीतरी."

कप खाली ठेवले गेले. सगळे माझ्याकडे वाकले.

मी म्हटलं, "माझे बाबा एसटी डेपोत मेकॅनिक आहेत. घर पक्कं आहे. एक भाऊ आहे, तो दिवसभर क्रिकेट खेळतो."

तोंडं पडली त्यायची. अन् मलेच ओशाळल्यासारखं झालं. पाहुणे जेवायले बसले अन् आपल्या घरचं दुःख वाढाले कमी पडलं, तसं. ही लाज मले अजून आठवते. 'तुला?' पेक्षा ती जास्त जळते.

परतताना केतकी म्हणाली, "सर चांगल्या मनानंच म्हणाले गं." ती पुस्तकं तिच्या छातीशी होती.

घरी आली. आमच्या घरी बुद्धाच्या मूर्तीखाली एक फळी आहे. त्यावर ती आत्मकथनं माझ्या जन्माआधीपासून आहेत. जेवणं झाली की बाबा मोठ्यानं वाचून दाखवत. माय पदर तोंडाले लावून ऐके. मधूनच उठून जाई, मग परत येऊन बसे. ती पुस्तकं वाचली नसती तर मी अमरावतीच्या त्या बंगल्याची पायरी चढलीच नसती. आमच्याच फळीवरचं आमचंच पुस्तक, अन् सर ते मले दान देल्यासारखं देऊन राहिले होते.

बाबाले सांगितलं. बाबा हात धूत होते. ग्रीस साबणानं लवकर निघत नाही.

"तू काय मागतलं?"

"पुस्तक."

"अन् त्यायनं काय देल्लं?"

मी टॉवेल पुढं केला.

"त्यायनं तुले पुस्तक नाई सांगतलं, बाई," बाबा म्हणाले. "तुही जागा सांगतली."

एम.ए. चांगल्या मार्कानं झालं. पीएच.डी.साठी सरायकडे जागा होत्या. मी त्यायच्या केबिनमध्ये गेली. विषय मनात पक्का होता. त्या गिरणीगावच्या कादंबऱ्यायत मजूर आहेत, मालक आहेत, संप आहेत. पण गिरणीत कापूस कुठून येतो, हे कोणी पात्र विचारत नाही. मी वऱ्हाडातली. मले तेच पहिलं दिसलं. आमच्या काळ्या मातीतला कापूस आगगाडीनं जाई, जहाजात चढे, अन् तिकडं त्याचं सूत होई. आमच्या आज्या-पणज्यायनं वेचलेला कापूस त्या पुस्तकायत आहे, फक्त त्याचं नाव नाही. मले त्यावर लिहायचं होतं.

सरायनं चष्मा काढला. "कापूस? मग अकोल्याला कृषी विद्यापीठात जा." स्वतःच हसले. मग मायेनं बोलले. त्यायची माया मले रागापेक्षा भारी पडे. "आत्मकथनांवर कर. जागा तुझी, आजच सही करतो. तुझ्या तोंडी तेच शोभेल."

बाहेर बाकावर केतकी बसली होती. तिचा विषय व्हिक्टोरियन कादंबरीच होता. तिले कोणी शोभण्याचं विचारलं नव्हतं.

तेव्हा कळलं. आत्मकथनं वाचायची गरज कोणाले होती? केतकीले होती. सरायच्या मिसेसले होती. ज्यायच्या घरात ती फळी नाही, त्यायले होती. त्यायले कोणी सांगितलीच नाहीत.

मी म्हटलं, "सर, मले तो विषय नाही करायचा."

घाईत 'मले' निघून गेलं. कॉलेजात मी जपून 'मला' म्हणत असे.

"आधी 'मला' म्हणायला शीक," सर म्हणाले. "'मले-तुले' करत व्हिक्टोरियन कादंबरीवर लिहिणार?"

जागा जाणार हे दिसत होतं. 'हो सर' म्हटलं असतं तर सगळं मिळालं असतं.

"मले नाही करायचा," मी परत म्हटलं. हळू. एकेक अक्षर. "मले माहा विषय करायचा आहे."

अन् बाहेर आली. केतकीनं विचारलं, काय झालं? मी सरळ जिन्याकडे गेली. जिना उतरताना रडली, हे लपवत नाही. तेव्हापासून मात्र मी कुठंच 'मला' म्हटलं नाही. वर्गातही नाही.

जागा गेली. दुसरा गाईड मिळाला नाही. आता मी अकोल्यात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. पक्की नोकरी नाही. केतकी डॉक्टरेट झाली, अमरावतीतच प्राध्यापक आहे. तिच्यावर माझा राग नाही. पण आमचं बोलणं आता उरलं नाही.

मागच्या महिन्यात सरायचा फोन आला. आवाज तसाच मायेचा. वाचनकट्ट्याचा मोठा कार्यक्रम होता. विषय असा की व्हिक्टोरियन कादंबरी आवडणाऱ्या वाचकानं पुढं कोणाला वाचावं.

"नावं केतकी सुचवेल," सर म्हणाले. "तू शेवटी थोडा वेळ तुमच्याकडच्या साहित्यावर बोल. लोकांना आवडतं."

"सर, उलटं करा," मी म्हटलं. "कादंबरीकार मी सुचवते. आत्मकथनांवर केतकी बोलेल."

"ती कशी बोलेल? तिचा अनुभव नाही."

"तिले वाचता येते न? माह्या घरी विलायतेचा अनुभव नव्हता, तरी मी वाचलं. तिनं आमचं वाचावं. मग बोलावं."

मग सर म्हणाले, "तू फार कडवट झालीस." अन् फोन ठेवला. परत आला नाही.

मी माझं पुस्तक लिहून राहिली आहे. गाईड नाही, पदवी नाही, सही करणारं कोणी नाही. कापसावरचे दोन भाग लिहून झाले. ते छापून येतील की नाही, माहीत नाही. मी थांबणार नाही.

अन् इथून पुढं मले कोणी बोलावलं, तर विषय मी ठरवीन. मंजूर नसेल तर बोलावू नका.