चौथ्या पायाचा आवाज

डॉ. सुखदेव रामटेके यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या या ग्रंथात विद्वानांच्या पंगतीत मज गिरणीवाल्याला पाट मिळाला, तो एका कुत्र्यामुळे.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सावली गावातल्या माझ्या धानगिरणीत भुऱ्याचा, माझ्या तरण्या कुत्र्याचा, मागचा पाय चालत्या पट्ट्यात सापडला. हाड कातडीबाहेर आले. त्याला उचलून गुरांच्या दवाखान्यात नेले, तर बैल घेऊन आलेली मंडळी हसली, "काऊन सेठ, आता कुत्रं जुपता का नांगराले?"

नुकतेच बदलून आलेले डॉक्टरसाहेब त्यांना म्हणाले, "भाऊ, तुमचा बैल उभा हाय. हा पडला हाय. आधी याले पाहू द्या." ही आमची पहिली ओळख.

"पाय कापा लागन का?" मी विचारले.

"बोटं गरम हायेत तवरी नाई. सकाळ-संध्याकाळ हात लावून पाहा. गार लागली का तसेच पळत या."

जखम रोज धुता यावी म्हणून साहेबांनी प्लास्टर न घालता बांबूच्या कामट्यांनी पाय बांधला. भुऱ्याने चाटू नये म्हणून बुरडाकडून बिनबुडाची टोपली आणून त्याच्या गळ्यात घातली. माझे हमाल म्हणत, "सेठ, नवरदेव तयार हाय, वरात कवा?" साहेब मात्र रविवारीसुद्धा सायकलवरून मलमपट्टीला येत.

हाड जुळले, कामट्या सुटल्या. पण भुऱ्या पाय टेकेना. महिनाभर तीन पायांवरच. पाय वाळत चालला. मी हाय खाल्ली.

"पाय बरा झाला," साहेब म्हणाले, "भेव बरं नाई झालं." त्यांनी चिमूटभर धान चिंधीत घेतले आणि दुसऱ्या, धडधाकट मागच्या पायाच्या तळव्याखाली बांधले. "दुखनार नाई, टोचन फक्त. मंग आपसूक हा पाय टेकन."

गिरणी धडधडत होती. मी पाठमोरा तांदूळ तपासत होतो. पोती वाहत वाढलेला मी. यंत्रात खडा गेला तरी मला ऐकू येतो. फरशीवर नखे वाजली. एक, दोन, तीन... आणि चौथे, हलकेच.

"चार!" मी वळून न पाहताच ओरडलो. "साहेब, चार!"

"अहो, गिरणी बंद करा ना," साहेब म्हणाले, "मलेबी ऐकू द्या!"

असे आमचे साहेब. पुढे भामरागडला बदली झाली, तर पावसात रस्ता तुटल्यावर लसीची पेटी डोक्यावर घेऊन गावोगाव पायी फिरले.

तेच साहेब गेल्या वर्षी बांधावर घसरले. मांडीचे हाड मोडले, जुळलेही. पण काठी सुटत नाही. माझ्या ओसरीवर येतात तेव्हा पावलापेक्षा काठीच जोरात वाजते. शेजारून म्हातारा भुऱ्या चारी पायांनी चालत असतो.

साहेब, आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो, ही मंगल कामना. आणि हा ग्रंथ हाती पडेल तेव्हा आपली काठी सापडत नसेल ना? हाडांच्या डॉक्टरांना विचारूनच मी ती कोंड्याच्या पोत्यांमागे ठेवलेली असेल. न्यायला या. पायी या. मी गिरणी बंद करून ऐकत बसतो.