सिडनीतली आपली गल्ली

“तिकडं बी समदे आपलेच लोकं हायत म्हणं. मग एवढ्या लांब जायचंच कशाला? हितंच ऱ्हा की.”

शेजारच्या काकू स्वयंपाकघरात आईला म्हणाल्या. मी आतल्या खोलीत आरशासमोर उभी राहून, जिभेला वळण देत, एकच इंग्रजी वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते: खोली उत्तरेकडे तोंड करून आहे का? ऑस्ट्रेलियात ऊन उत्तरेकडून येतं, हे मी इंटरनेटवर वाचलं होतं. घरमालकिणीवर छाप पाडायला माझ्याकडे एवढं एकच ज्ञान होतं. काकूंचं बोलणं ऐकून मी थांबले. त्यांचा प्रश्न बरोबर होता. मी वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले.

सिडनीच्या एका कॉलेजात मला प्रवेश मिळाला होता. व्हिसा आला होता. अडलं होतं ते आईच्या अटीवर: आपल्या माणसांच्या घरात खोली मिळाली तर जायचं, नाही तर नाही. बाबा शिक्षक. त्यांच्या शाळेतल्या एका सरांच्या ओळखीतून ओळख निघत गेली आणि ती सिडनीच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातल्या मराठी ताईंपर्यंत पोचली. ताई मूळच्या आमच्याच जिल्ह्यातल्या, जिंतूरकडच्या. त्यांच्या घरात एक खोली रिकामी होती. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल ठरला, आणि तिकीट काढायचं की नाही ते त्या कॉलवर ठरणार होतं.

ते उपनगर मला पाठ होतं. मोबाइलच्या नकाशावर रस्त्यांचे फोटो दिसतात, त्यांत बोटाने चालत मी ते अख्खं पालथं घातलं होतं. स्टेशनच्या बाहेर डोशाचं दुकान, मग साड्यांचं, मग सोनाराचं, मग पुन्हा डोशाचं. इतकं फिरून मला एकच गोरा माणूस दिसला आणि त्याचाही चेहरा नकाशावाल्यांनी धूसर करून टाकला होता. पुढच्या स्टेशनाला लेबनॉनच्या लोकांच्या बेकऱ्या, त्याच्या पलीकडे व्हिएतनामी लोकांचा बाजार, चिनी लोकांचं आणखी वेगळीकडे. म्हणजे ज्या पोरीने शाळेत मराठी बोलली म्हणून वर्गाबाहेर उभं राहण्याची शिक्षा भोगली, ती सातासमुद्रापार जाऊन मेथीची जुडी ताजी आहे का, एवढंच विचारणार होती.

हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, त्यात नवीन काय, आपली परभणीच की. खरंच होतं. परभणीत ऑटोवाल्याला नगराचं नाव सांगितलं की आडनाव सांगायची गरज उरत नाही. आमच्या नगराचं नाव ऐकून तो आरशातून एकदा मागे बघतो, तेवढ्यात त्याचा हिशेब झालेला असतो. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, तुझं घर कुठे? मी म्हणायचे, विद्यापीठाच्या बाजूला. विद्यापीठ फार मोठं आहे. त्याच्या बाजूला निम्मी परभणी येते.

हा कॉल खोलीसाठी आहे, स्थळासाठी नाही, हे आईच्या डोक्याला पटलं होतं, हातांना पटलं नव्हतं. तिने सकाळी उठून मुरमुऱ्यांचा सुशीला केला. वरून शेंगदाणे, कोथिंबीर. चांगल्या बशा काढून ट्रेमध्ये मांडल्या. मला मोरपंखी ड्रेस घालायला लावला. ताई सिडनीत बसून हे कसं खाणार, असं मी विचारलं, तर म्हणाली, कोणी आलंच तर. आल्या त्या काकू. सुशीला खाताखाता त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “इंग्लिश शाळेला एवढी फीस भरली, अन् पोरगी कोनत्याच भाषेत बोलंना.” यावर मी हसले. मला उत्तर सुचलं नाही की मी हसते. नातेवाईक त्याला संस्कार म्हणतात.

बसायची जागा मात्र मीच निवडली. आमच्या बैठकीच्या मोठ्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातला तो फोटो, जो आमच्या नगरात घरोघरी असतो. मी खुर्ची ओढली ती फ्रिजच्या बाजूच्या कोपऱ्यात. तिथे मागे फक्त बँकेचं कॅलेंडर होतं. उजेड बरा येतो, असं मी कारण दिलं. उजेड तिथे मुळीच येत नाही. मोबाइल लावून पाहिला तर त्यात मी कोणीतरी पळवून आणून बसवल्यासारखी दिसत होते.

“हितं बसल्यावर भिंतीवरलं कायच दिसंना की,” काकू सहज म्हणाल्या. आई बशा सरळ करत राहिली. बाबांनी चष्मा काढून पुसला, तो आधीच स्वच्छ होता.

कॉल लागला. ताई चांगल्या होत्या, हे आधी सांगते. हसतमुख, ओट्यापाशी उभ्या राहून कोथिंबीर निवडत होत्या, तिकडे दुपार होती. मी “हॅलो” म्हणाले, पण इतकं ऑस्ट्रेलियन म्हणाले की आवाज तुटतोय असं समजून त्यांनी मोबाइल हलवला. मग मोबाइल बाबांनी हातात घेतला आणि माझं इंग्रजी वाक्य जिभेखाली जिरून गेलं.

ताईंनी खोली सांगितली, बसथांबा सांगितला, खाली राहणारं गुजराती कुटुंब किती चांगलं आहे ते सांगितलं. गुढीपाडव्याला सगळे जमतात, म्हणाल्या, परभणी सोडल्यासारखं वाटतच नाही बघा. मग आडनाव पुन्हा एकदा विचारलं. आमचं आडनाव चार जातींत सापडतं, त्यामुळे पुढचा प्रश्न येतोच. तो आला. मूळ गाव कोणतं?

बोरी, बाबा म्हणाले.

ताई एकदम खूश झाल्या. त्यांची मावशी बोरीलाच दिलेली. लहानपणी सुट्टीत तिकडेच असायच्या. “मग घर कुणीकडं हो तुमचं? मारुतीच्या देवळाकडं, का बाजाराकडं?”

“शाळेच्या बाजूला,” बाबा म्हणाले.

तो ‘बाजूला’ मी लगेच ओळखला. इतकी वर्षं मला वाटत होतं तो माझाच शोध आहे. आणि समोर बसलेला हा माणूस, ज्याच्यामुळे मला वाचता येतं, तो माझ्याहून किती आधीपासून बाजूला राहत आला होता.

ताईंचे हात कोथिंबिरीत थांबले. “शाळेच्या कोन्त्या बाजूला? तसं नाही हो सर, आमचं काही नसतं. पण घरात देव आहेत, सासूबाई येऊनजाऊन असतात. विचारलेलं बरं.”

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला ती खोली माझ्याहून जास्त हवी होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. काकूंचा चमचा हवेत होता. आणखी एक ‘बाजूला’ म्हटलं असतं तर निभावलं असतं, बाबांना ते येतं. खोली मिळाली असती आणि मी सिडनीला जाऊन तिथेही फ्रिजजवळचा कोपरा शोधला असता, शिक्षण संपेपर्यंत. मागे कॅलेंडर, समोर आपली माणसं.

“बोल की गं,” काकू हळूच म्हणाल्या. त्यांना वाटलं असावं मी इंग्रजीत काही तरी झकास बोलून सगळं मिटवून टाकीन. मलाही क्षणभर तसंच वाटलं. इंग्रजी वाक्य जिभेवर तयारच होतं, वळणासकट.

मी बाबांच्या हातातून मोबाइल घेतला. घेताना तो असा गरकन फिरला की ताईंना आमचं घर, फ्रिज, आई, ट्रे, काकू आणि मोठी भिंत असं सगळं एकदमच दिसलं असणार. आवाज आला तो आरशासमोरचा नव्हता, घरातलाच होता.

“ताई, बोरीत आमचं घर गावाच्या बाहेर होतं. आम्ही बौद्ध आहोत. आता मला एवढंच सांगा, खोलीला ऊन येतं का?”